न मागितलेले पैसे

समजा, ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या एका आजींचे उत्पन्न आठवड्याला १९० पौंड आहे. निवृत्तांसाठी असलेल्या ‘पेन्शन क्रेडिट’ योजनेत, २०२४-२५ साली, एकट्या व्यक्तीचे उत्पन्न २१८.१५ पौंडांपर्यंत भरून दिले जाई. मग आजींना किती मिळावेत? वजाबाकी तुम्ही केलीच असेल: २८.१५ पौंड. शिवाय वय पंचाहत्तरीपुढे असेल, तर दूरचित्रवाणीचा परवानाही फुकट. (हो, तिथे तो लागतो!) पण अर्ज केल्याखेरीज एक पेनीही मिळत नाही, आणि अनेकांना ही योजनाच ठाऊक नसते.

आता गंमत पाहा. योजना ब्रिटिश सरकारची; पण घरभाड्यासाठी मदत घेताना आजींनी आपले वय व उत्पन्न स्थानिक नगरपरिषदेला कळवलेलेच असते. संगणक अशा हजारो नोंदींवर हीच वजाबाकी करतो. बाकी उरते, पण पेन्शन क्रेडिटची नोंद नाही, अशांची यादी तो काढून देतो. २०२३ साली लंडनमधील काही नगरपरिषदांनी अशा याद्यांवरून लोकांना पत्रे धाडली.

मात्र ज्याने नगरपरिषदेकडे कधी काहीच मागितले नाही, त्याचे उत्पन्न तिच्या दप्तरी नसते. त्याची वजाबाकी संगणक कशी करणार?