सरहद्दीचा पोशाख (भाग २) : आधी सदरा

मागच्या भागात आपण अठराव्या शतकातल्या अमेरिकी सरहद्दीचा प्रदेश पाहिला: पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाची पश्चिम बाजू, अपॅलेशियन डोंगर ओलांडून ओहायो नदीकडे सरकत गेलेल्या वस्त्या. त्या काळाच्या रीएनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे तो काळ वेशासह पुन्हा उभा करण्याच्या छंदात, उतरू पाहणारा नवखा माणूस बहुधा सगळ्यात आधी झालर लावलेला कातडी अंगरखा आणि शेपटीवाली रॅकूनची टोपी घेतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पहिला पैसा लिननच्या सदऱ्यावर खर्च व्हावा. कातड्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही गरज पडली तरच. टोपीचे वेड तर १९५४-५५ मध्ये डिस्नेने टीव्हीवर आणलेल्या डेव्ही क्रॉकेटपासून पसरले. सरहद्दीवरच्या ज्या शिकाऱ्याच्या, डॅनिअल बूनच्या, डोक्यावर ती हमखास चढवली जाते, तो मात्र फेल्टची हॅट वापरत असे, अशी त्याच्या मुलाची आठवण आहे.

कातडे मागे का ठेवायचे? हरणे होती, शिकारी होते, मग कपडे कातड्याचेच असणार, असे कोणालाही वाटेल. पण हरणाचे कातडे हे सरहद्दीचे नगदी पीक होते. कमावलेली कातडी जहाजांतून इंग्लंडला जात आणि तिथे त्यांचे ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतच्या विजारी) व हातमोजे होत. कातडे विकून बारूद, शिसे, मीठ आणि कापड मिळत असेल, तर ते अंगावर घालून झिजवायचे कशाला? शिवाय ते पावसात भिजले की गारठवते. पश्चिम पेनसिल्व्हेनियात लहानाचा मोठा झालेला जोसेफ डॉडरिज १८२४ मध्ये छापलेल्या आपल्या टिपणांत लिहितो, की शिकारी अंगरखे बहुतेक लिंझीचे, म्हणजे लिननचा ताणा आणि लोकरीचा बाणा असलेल्या कापडाचे असत. काही जाड्याभरड्या लिननचे आणि थोडेच कातड्याचे. कातड्याचे अंगरखे ओल्या हवेत फार थंड आणि त्रासदायक होत, हेही तो आवर्जून नोंदवतो.

डॉडरिज म्हातारपणाकडे झुकताना बालपणाच्या आठवणी लिहीत होता, त्याच्यावर किती विसंबायचे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याला समकालीन कागदाची जोड हवी, आणि ती मिळते. जुलै १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याच्या कपड्यांची टंचाई भागवायला वसाहतींच्या काँग्रेसकडे किमान १०,००० शिकारी अंगरखे मागितले, आणि सर्वांत स्वस्त व झटपट उपाय म्हणून मागितले. त्यासाठी कापड शोधले गेले ते जवसाच्या भरड तंतूंचे. इतके अंगरखे कातड्याचे करायचे म्हटले, तर ते ना स्वस्त पडले असते ना झटपट झाले असते.

दुसरा आक्षेप अंतराचा. बाजारापासून इतक्या लांब राहणारी माणसे कापड घरीच विणत नसतील का? काही विणत, लिंझी त्यातलीच. पण जवस पेरण्यापासून ते कापड हाती येईपर्यंत वर्ष उलटते, माग घरोघरी नसतो आणि जंगल तोडून शेत काढणाऱ्या कुटुंबाकडे फावला वेळ नसतो. व्हर्जिनियात ब्लू रिजच्या पायथ्याशी न्यू लंडन गावी जॉन हुक या स्कॉटिश व्यापाऱ्याचे दुकान होते. त्याच्या हिशेबवह्या आजही उपलब्ध आहेत आणि आडवळणाची गिऱ्हाइके आयात कापड उधारीवर नेत होती, हे त्यांत दिसते. फरारी नोकर आणि गुलाम यांना पकडण्यासाठी मालकांनी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिरातींत अंगावरच्या कपड्यांचे बारीक वर्णन असते, आणि त्यांत ऑस्नाबर्ग या जाड्याभरड्या लिननचा सदरा पुन्हा पुन्हा येतो. या जाहिराती स्वतंत्र शेतकऱ्यांच्या नाहीत, हे खरे. स्वातंत्र्यासाठी पळालेल्या माणसांना पुन्हा जखडण्यासाठी लिहिलेला तो मजकूर आहे आणि तो वाचताना याचा विसर पडता कामा नये. पण दुकानाच्या वह्या आणि या जाहिराती वेगळ्या हेतूंनी लिहिलेल्या असूनही एकाच प्रकारच्या कापडाकडे बोट दाखवतात, म्हणून माझा त्यांवर विश्वास बसतो.

आता सदऱ्याकडे वळू. तो पूर्णपणे चौकोनांतून बेतलेला असतो. एक लांब पट्टा खांद्यावर दुमडून पुढचा-मागचा भाग होतो, त्यामुळे खांद्यावर जोड येत नाही. मध्ये आडवी चीर गळ्यासाठी, पुढे उभी चीर छातीसाठी. उभी चीर खाली फाटू नये म्हणून तिच्या टोकाशी कधी कधी बदामाच्या आकाराचा इवलासा तुकडा टाचतात. बगलेत चौकोनी तुकडा बसवल्याने हात मोकळा वर जातो. रुंद बाही मनगटाशी चुण्या घालून अरुंद पट्टीत कोंबलेली असते. कापड महाग आणि शिवणाऱ्याचे श्रम स्वस्त, म्हणून एक चिंधीही वाया जाऊ द्यायची नाही, हे त्या कातरकामामागचे गणित. लांबी मांड्यांपर्यंत, कारण तोच आतला कपडा आणि तोच झोपतानाचा.

लिनन महाग आहे, सुरुवातीला सुती किंवा पॉलिस्टरचा चालणार नाही का, असे विचारतात. पॉलिस्टर तर नकोच. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी किंवा शेकोटीतला निखारा उडाला, की ते वितळून कातडीला चिकटते. सुती सदरा शिकण्यापुरता ठीक, पण पैसे वाचवायचेच असतील, तर ते वस्तूंची संख्या कमी ठेवून वाचवावेत. सदरा, लोकरी वेस्टकोट, ब्रीचेस, बुटके बूट आणि साधी फेल्ट हॅट एवढ्यावर पुरुषाचे भागते. बाईला शिफ्ट (आतला लांब सदरा), स्टेज (stays, म्हणजे आवळून बांधायची काचोळी), दोन पेटिकोट, आखूड झगा आणि डोक्याला टोपी.

गळ्याला रुमाल दोघांनाही हवा, आणि इथे हिंदुस्थानचा खराखुरा संबंध येतो. १७२१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी छापील सुती कापड वापरायला बंदी झाली, पण ते अमेरिकेतल्या वसाहतींना पाठवायला मुभा राहिली. चिटे तिकडे गेली, तसे बंगालचे रेशमी आणि कोरोमंडलचे चौकडीचे रुमालही गेले. हातमागाचा चौकडीचा सुती रुमाल आजही परवडतो. पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियाकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी भारतात आल्यावर तो इथूनच न्यावा. फक्त किनारीला जर नको.

पुढच्या आठवड्यात ब्रीचेस आणि लेगिंग्ज: गुडघ्याखालचा पाय काट्यांपासून कसा वाचवत, आणि यातले मूळ रहिवाशांकडून काय घेतले.