सही कोण करणार?

धर्मादाय संस्थेचा विषय निघाला की आपण संस्थापकाबद्दल बोलतो. त्यांचा त्याग, त्यांची पायपीट, पत्र्याच्या शेडमधली पहिली शाळा. बँकेत सारी हयात काढलेल्या माणसाला मात्र संस्था भेटते ती वेगळ्याच रूपात : एक ठराव, दोन सह्या आणि पुसट झालेला रबरी शिक्का.

तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एका वसतिगृहाचे खाते आमच्याकडे होते. सचिव आणि खजिनदार, दोघांच्या सह्यांनी चेक निघत. खजिनदार वारले. नवा नेमायला सभाच भरेना. सात विश्वस्तांच्या मंडळात आता दोघे परगावी, एक अंथरुणाला खिळलेले आणि बाकीचे ‘सर सांगतील तसे’ म्हणणारे. सर म्हणजे संस्थापक-सचिव. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा, हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. इथे आधीचे दोन बदलही कळवलेले नव्हते. खात्यात पैसे होते, पण काढायला सही नव्हती. मुलांचा किराणा उधारीवर चालला होता आणि दुकानदाराचा धीर सुटत चालला होता.

वाट काढली ती वसतिगृहाला छप्पर घालून देणाऱ्या एका कारखान्याच्या ट्रस्टने. त्यांनी आणखी देणगी दिली नाही. आपला हिशेबनीस महिन्यातून एक शनिवार पाठवला, वर्षभर. त्या गृहस्थाने वह्या स्वतः लिहिल्या नाहीत, संस्थेच्या लिपिकाकडून लिहून घेतल्या. सभेची नोटीस वेळेवर काढायला लावली, इतिवृत्त वाचायला लावले आणि मागच्या सभेत ठरलेल्या कामांचे काय झाले, हे चारचौघांत विचारायला सुरुवात केली. सरांना हे रुचले नाही. ‘मी काय पैसे खातो का?’ असे ते काउंटरवर येऊन मला म्हणाले होते. खात नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. त्यांच्या सचोटीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या पश्चात किल्ल्या कोणाकडे, हा होता.

आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट कळत होती. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले. तिथला कारभार आजीव सभासद मिळून पाहत, आणि सभासदांनी बाहेरची कामे करावीत की नाहीत यावरून त्यांच्यात इतके वाजले होते की १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मोठी माणसे एकत्र आली की नियम लागतात, हे कर्व्यांनी जवळून पाहिले असणार. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली, तेव्हा अध्यक्षपदी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि ज्याचे स्वप्न तो माणूस चिटणीस. जाब विचारू शकेल असा वडीलधारा आपल्या डोक्यावर आपणच बसवून घेणे सोपे नाही, मंडळी!

पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेले. भागीदार येतो तो एकटी थैली घेऊन येत नाही. त्याच्या अटी येतात, त्याचे शहर येते. कोणी याला सौदा म्हणेल. मी म्हणत नाही. एका माणसाच्या झोळीवर चाललेले काम पक्क्या निधीवर आले, आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा कर्वे नव्वदी ओलांडलेले होते.

आज भागीदार शोधत हिंडावे लागते असेही नाही. २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे कायद्याने भाग आहे. पैसे देताना त्या नोंदणी, ऑडिट, प्राप्तिकराची कागदपत्रे बारकाईने पाहतात, हे चांगलेच झाले. पण हा पैसा बहुधा प्रकल्पाला मिळतो. संगणक येतात, शौचालये बांधली जातात, उद्घाटनाचा फोटो छापून येतो. जमाखर्च लिहिणाऱ्या मुलीचा पगार कशातून द्यायचा, हे विचारले की समोरचा साहेब खिडकीबाहेर बघतो. कार्यकारी मंडळाची सरासरी वयोमर्यादा सत्तरीपार गेली आहे, हे तर कोणत्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही. त्या हिशेबनिसाचे बारा शनिवार आजच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, मला सांगता येणार नाही. वसतिगृहाला छपराइतकाच त्यांचाही उपयोग झाला होता.

उलट टोकही आहे. देणगीदाराचा माणूस मंडळावर येतो आणि दोन वर्षांत मालकासारखा वागू लागतो. म्हणून करार करतानाच लिहून घ्यावे : प्रश्न विचारण्याचा हक्क त्याचा, निर्णय मंडळाचा; मदत किती वर्षे, आणि थांबवायची झाल्यास किती महिने आधी कळवायचे. कर्ज देताना आम्ही परतफेडीचे हप्ते आधी ठरवायचो, तसेच हे.

पुढच्या वेळी देणगीची पावती फाडायला कोणी घरी आले, तर त्याला चहा द्या, जमतील तेवढे पैसेही द्या. मग विश्वस्तांची यादी मागा आणि शेवटची सभा कधी झाली ते विचारा. खरा कार्यकर्ता असेल तर तो रागावणार नाही. कदाचित तुम्हालाच विचारील, महिन्यातला एखादा शनिवार मोकळा आहे का?