केसभर अंतराचे गणित

फुप्फुसांत शिरलेला प्राणवायू रक्तात मिसळतो आणि हृदय ते रक्त शरीरभर खेळवते, हे शालेय पुस्तकातील विधान चूक नसले तरी त्यात प्रवासाचा शेवटचा टप्पा गाळलेला असतो. प्राणवायू धमनीत असेपर्यंत स्नायूच्या, मेंदूच्या किंवा यकृताच्या पेशींना त्याचा काही उपयोग नसतो. तो रक्तातून बाहेर पडून पेशीच्या आत, अन्नापासून ऊर्जा मिळवणाऱ्या तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म घटकांपर्यंत पोहोचला, तरच श्वासोच्छ्वासाचे सार्थक होते. हे हस्तांतर मुख्यतः ज्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून घडते, त्यांना केशवाहिन्या म्हणतात. हे नाव केसावरून पडले असले तरी केसाची उपमाही या नळ्यांना ढोबळच ठरते, कारण डोक्यावरचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तितक्या पट, जाड असतो, तर केशवाहिनीचा व्यास अवघा ५ ते १० मायक्रोमीटर असतो. हृदय, धमन्या आणि नीला यांचा एवढा मोठा पसारा पाहिला, तर तो एकाच अटीच्या पूर्ततेसाठी मांडलेला आहे असे म्हणता येते: शरीरातील कोणतीही कष्टकरी पेशी वाहत्या रक्तापासून एका केसाच्या जाडीपेक्षा फारशी दूर राहता कामा नये.

विसरणाची मर्यादा

या अटीचे मूळ जीवशास्त्रात नसून भौतिकशास्त्रात आहे. रक्तातून पेशीकडे जाणाऱ्या प्राणवायूच्या रेणूला कोणी ओढत किंवा ढकलत नाही. तो पाण्याच्या रेणूंवर आदळत, क्षणोक्षणी दिशा बदलत भरकटत असतो, आणि असे असंख्य रेणू भरकटत असताना दाटीच्या जागेकडून विरळ जागेकडे जाणाऱ्यांची संख्या आपोआपच अधिक भरते. या क्रियेला विसरण म्हणतात. तिचे गणिती नियम जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडले, आणि भरकटणारा कण किती वेळात किती दूर जातो याचा हिशेब अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दिला. त्या हिशेबाचे सार असे की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट लागतो.

प्राणवायूच्या पाण्यातील विसरणाचा वेग धरून हा नियम लावला असता येणारे आकडे बोलके आहेत. दहा मायक्रोमीटर अंतर काटण्यास प्राणवायूला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो, शंभर मायक्रोमीटरला अडीच सेकंद लागतात आणि एका मिलिमीटरला चार मिनिटांहून अधिक; एका सेंटिमीटरसाठी सुमारे सात तास मोजावे लागतात, तर एक मीटर जाण्यास जवळजवळ आठ वर्षे. शिवाय वाटेतल्या पेशी प्राणवायू वापरत असल्याने तो दूरवर पोहोचण्याआधीच संपून जातो. कागदासारखे पातळ शरीर असलेल्या चपट्या कृमींना रक्ताभिसरणाची गरज भासत नाही, ती याच कारणाने. कीटकांनी वेगळी वाट काढली असून, त्यांच्या अंगावरील छिद्रांपासून निघणाऱ्या श्वासनलिकांचे जाळे हवाच थेट पेशींच्या दारापर्यंत नेते आणि त्यांच्या रक्ताला हे ओझे वाहावे लागत नाही. जाडजूड शरीराच्या पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये मात्र लांबचे अंतर वाहते रक्त तोडते आणि अखेरचे केसभर अंतर तेवढे विसरणावर सोपवलेले असते.

हार्वे यांना न दिसलेला दुवा

रक्त शरीरात चक्राकार फिरते, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते आणि तासाभरात किती ठोके पडतात, यांचा गुणाकार करून त्यांनी असे दाखवले की इतके रक्त खाल्लेल्या अन्नापासून तासागणिक नव्याने तयार होणे अशक्य असल्याने तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. परंतु धमन्यांमधले रक्त नीलांमध्ये नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना दाखवता आले नाही. मांसातील सूक्ष्म छिद्रांतून ते झिरपत असावे, असे गृहीत धरून त्यांना थांबावे लागले. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले असता धमनी आणि नीला यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांचे जाळे त्यांना दिसले आणि तर्काने सिद्ध झालेले वर्तुळ डोळ्यांपुढे पूर्ण झाले. बेडकाचे फुप्फुस पातळ आणि पारदर्शक असल्याने साध्या भिंगांनाही ते जमले, आणि या विषयातील पुढचे बरेचसे ज्ञानही बेडकाच्या शरीरावरच मिळाले.

सावकाशीचे महत्त्व

हृदयातून निघणारी महाधमनी साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची असून तिला फाटे फुटत फुटत धमन्या, त्यांच्यापासून धमनिका आणि धमनिकांपासून केशवाहिन्या तयार होतात. धरणाच्या कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या आणि चारीला वाफे असावेत तशीच ही रचना असून, कालव्यातले धो धो वाहणारे पाणी वाफ्यात शिरताना मंदावते म्हणूनच ते मुळांशी मुरते, हा शेतकऱ्याच्या परिचयाचा नियम येथेही लागू पडतो. एकेक केशवाहिनी अतिशय अरुंद असली तरी त्यांची संख्या इतकी मोठी आहे की सर्वांच्या पोकळ्यांचे एकत्रित क्षेत्रफळ महाधमनीच्या पोकळीच्या सुमारे सातशे-आठशे पट भरते. परिणामी महाधमनीत सेकंदाला सरासरी २० सेंटिमीटर वेगाने धावणारे रक्त केशवाहिनीत सेकंदाला एका मिलिमीटरहूनही कमी वेगाने सरकते, आणि केशवाहिनीची लांबी अर्ध्या ते एका मिलिमीटरच्या आसपास असल्याने देवघेवीला साधारण एक ते तीन सेकंद मिळतात. वर दिलेल्या विसरणाच्या हिशेबाप्रमाणे एवढा अवधी पुरेसा ठरतो.

या देवघेवीत भिंतीचा अडसर जवळजवळ नसतोच. धमनीच्या भिंतीत स्नायूंचे आणि लवचीक तंतूंचे थर असतात, तर केशवाहिनीची भिंत एकाच थरातील चपट्या पेशींची असून ती बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही पातळ असते. तिच्यातून जाणाऱ्या तांबड्या रक्तपेशीचा व्यास साडेसात मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे पुष्कळदा वाटेपेक्षा अधिक असतो. त्यामुळे या पेशी घडी पडल्यासारख्या दुमडून, अंग चोरून, एकामागून एक रांगेने पुढे सरकतात. त्यांच्या केंद्रकहीन, दोन्ही बाजूंनी खोलगट आकाराचे मर्म या अरुंद वाटेत कळते, कारण तसा आकार मुडपण्यास सोपा असतो आणि मुडपलेली पेशी भिंतीला चिकटून जात असल्याने प्राणवायूला ओलांडावे लागणारे अंतर आणखी घटते. या पेशीत तंतुकणिका नसल्याने आपण वाहिलेल्या मालातला कणही ती स्वतः वापरत नाही.

उचलणे आणि सोडणे

प्राणवायू पाण्यात फार कमी विरघळतो. धमनीतील एक लिटर रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला प्राणवायू अवघा ३ मिलिलिटर असतो, तर हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनामुळे तेच एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू धरू शकत असल्याने पूर्ण भरलेली एक पेशी शंभर कोटींहून अधिक रेणू घेऊन निघते.

तथापि वाहकाची खरी कसोटी माल उचलण्यापेक्षा योग्य ठिकाणी तो सोडण्यात असते. कोपनहेगन येथील ख्रिश्चन बोर आणि त्यांचे सहकारी यांनी १९०४ मध्ये असे दाखवले की रक्तातील कर्बवायू वाढला की हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल होते. अधिक काम करणारी ऊती, म्हणजे एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा समूह, अधिक कर्बवायू बाहेर टाकते, तिच्यात आम्लताही वाढते आणि ती तापतेही. या तिन्ही गोष्टींनी पकड ढिली होत असल्याने गरज जिथे जास्त तिथेच प्राणवायू जास्त सुटतो आणि त्यासाठी मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. विश्रांतीच्या वेळी मात्र रक्त आपल्याजवळच्या प्राणवायूपैकी सुमारे चतुर्थांशच खर्च करते आणि उरलेला तीनचतुर्थांश फुप्फुसांकडे परत नेते. जिना चढताना किंवा धावताना उपयोगी पडणारी शिल्लक ती हीच.

लाख किलोमीटरची दंतकथा

केशवाहिन्यांचा विचार अंतराच्या अंगाने प्रथम केला तो बोर यांचे शिष्य ऑगस्ट क्रोग यांनी. गिनीपिग आणि बेडूक यांच्या रक्तात शाई सोडून स्नायूंचे आडवे छेद त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि प्रत्येक केशवाहिनीभोवती तिच्याच प्राणवायूवर जगणारा ऊतीचा एक दंडगोल असतो, अशी कल्पना मांडली. दंडगोलाच्या कडेपर्यंत प्राणवायू पोहोचण्यासाठी किती दाब लागेल, याचे समीकरण त्यांना आग्नर एरलांग या गणितज्ञाने करून दिले. हे एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते आणि किती ग्राहकांमागे किती तारा पुरतील याचे त्यांचे गणित पुढे प्रसिद्धीस आले. क्रोग यांचे हे शोधनिबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

शरीरातील रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरेल, म्हणजे पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा होतील, हे वारंवार छापले जाणारे विधानही क्रोग यांच्याच १९२२ च्या पुस्तकातून आलेले आहे. त्यामागचा हिशेब साधा आहे. माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू आणि स्नायूच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमध्ये २,००० केशवाहिन्या धरल्या, तर गुणाकार लाख किलोमीटरच्या घरात जातो. परंतु सर्वसाधारण माणसाच्या अंगावर ५० किलो स्नायू नसून ३० किलोच्या आसपास असतात, आणि मानवी स्नायूंच्या नंतरच्या मोजणीत दर चौरस मिलिमीटरला तीनशे ते चारशेच केशवाहिन्या आढळतात. हे आकडे घालून तोच गुणाकार केला, तर उत्तर दहा हजार किलोमीटरच्या आसपास येते. एवढे होऊनही क्रोग यांच्या विचाराला बाध येत नाही, कारण नळ्यांची एकूण लांबी ही पोटातली बाब असून दोन नळ्यांमध्ये किती अंतर उरते हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यांच्या चित्रात पुढे दुरुस्त्या मात्र झाल्या. १९७० मध्ये ब्रायन डुलिंग आणि रॉबर्ट बर्न यांनी सूक्ष्म विद्युत्‌अग्रांनी मोजणी करून दाखवले की प्राणवायूचा काही भाग केशवाहिन्यांच्या आधीच, धमनिकांच्या भिंतींमधूनही बाहेर पडत असतो.

वाट अडते तेव्हा

विदर्भातील अनेक समाजांत, तसेच गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार नेमक्या याच अरुंद वाटेवर घाला घालतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच त्यातील मूळ दोष आहे. प्राणवायू जवळ असेपर्यंत तो झाकलेला राहतो. परंतु प्राणवायू सोडताच असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवते आणि पेशी विळ्याच्या आकाराची व कडक होते. दुमडण्याची क्षमता गेलेली अशी पेशी बारीक वाहिन्यांत अडकून मागची रांग थोपवते, पुढच्या ऊतीची उपासमार होते आणि रुग्णाची हाडे व सांधे असह्य ठणकू लागतात. आपले काम पार पाडण्याच्या क्षणीच पेशी निकामी होते, हे या आजाराचे क्रौर्य आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आहे.

मधुमेहात वाहिन्या वर्षानुवर्षे, कसलीही वेदना न होता बिघडत जातात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतीखालचा आधारपटल जाड होतो आणि डोळ्याच्या मागील पडद्यावरच्या काही वाहिन्या बंद पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा नव्या वाहिन्या फुटाव्यात यासाठी रासायनिक संदेश सोडतो. परंतु घाईने उगवलेल्या या वाहिन्या कमकुवत असल्याने त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि अंतर भरून काढण्याचा शरीराचा प्रयत्नच दृष्टीच्या मुळावर येतो. दृष्टी चांगली असतानाही मधुमेही व्यक्तीने दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, असा वैद्यकाचा आग्रह असतो, तो यामुळेच.

बारीक वाहिन्यांतून रक्त वाहते आहे की नाही, हे अंदाजण्याची एक सोपी रीत रुग्णालयात रोज वापरली जाते. रुग्णाच्या बोटाचे नख काही क्षण दाबून धरले की त्याखालच्या केशवाहिन्या रिकाम्या होऊन नख पांढरे पडते, आणि दाब काढल्यावर निरोगी माणसात साधारण दोन सेकंदांच्या आत ते पुन्हा गुलाबी होते. छातीपासून त्या नखापर्यंतचे अंतर जेमतेम मीटरभर, आणि नुसत्या विसरणावर विसंबले असते तर प्राणवायूला ते तोडण्यास काही वर्षे लागली असती.