दूरचे कोठार आणि घरची कणगी

मुलगा-मुलगी कॉलेजात गेली की आता नुसत्या वही-पुस्तकावर भागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये, जादा अभ्यासक्रम 'स्वयम्'वर. डिजिलॉकर २०१५ साली आले, स्वयम् २०१७ साली. ही सारी माहिती दूर शहरातल्या मोठ्या संगणकांत साठवलेली असते. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणतात.

फायदा खरा आहे. पुरात पेटी वाहून गेली तरी डिजिलॉकरमधली गुणपत्रिका जात नाही. कॉलेजलाही महागडी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. पण मधली वाट तुटली की सारेच अडते.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. विद्यापीठ जवळ आले. पण भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या कितीतरी गावांत विजेचा आणि रेंजचा भरवसा नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तशीच रेंज गेली की अभ्यास बंद, आणि अर्जाची शेवटची तारीख मात्र थांबत नाही. एक अर्ज राहिला तर गरिबाच्या लेकराचे वर्ष जाऊ शकते.

यावर उपाय 'एज कंप्युटिंग'चा. म्हणजे काम दूरच्या यंत्रावर न टाकता जवळच्या यंत्रावर करणे. कोठार दूर असले तरी आपण घरात कणगी ठेवतोच ना? तसेच हे. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली कॉलेजातल्या एका साध्या संगणकावर बसवता येते. धडे एकदा भरून ठेवले की त्याच आवारात मुले इंटरनेटशिवाय मोबाइलवर ते पाहू शकतात. अर्ज भरायला मात्र इंटरनेट लागतेच. म्हणून दोन्ही हवे.

मग अडते कुठे? पैशापेक्षा जास्त अडते ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसावाचून, विजेवाचून आणि चालकांच्या इच्छेवाचून. यंत्र आले आणि कपाटात कुलूपबंद राहिले तर काय उपयोग?

तेव्हा पालक बंधू-भगिनींनो, प्रवेश घेताना चार प्रश्न जरूर विचारा. वीज गेल्यावर संगणक चालतो का? इंटरनेटशिवाय धडे मिळतात का? अर्ज भरायला मदत करणारा माणूस कोण? आणि आमच्या मुलांचे जातीचे दाखले, बँकेचे खाते, पासवर्ड कोणाच्या हाती राहणार?

विचारायला संकोच करू नका. फी आपण भरतो, लेकरू आपले आहे.