दस्तरखानावरचा हिशेब

मगरिबच्या अजानीआधीचा तासभर मोमिनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. कढईतून समोसे निघत असतात, बाजूला भजी, टरबुजाच्या फोडी, खजुराचे ढीग आणि लालभडक सरबताचे पातेले. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की नागपुरात रोजा साधारण 13 तासांचा होतो. म्हणजे दिवसभराचे अन्न उरलेल्या 11 तासांत, त्यातही झोप आणि तरावीह सांभाळून पोटात जायचे. घाई तिथेच होते.

आता इफ्तारचे ताट पाहा. खजूर गोड, सरबत गोड, समोसा मैद्याचा, आत बटाटा, भजी तेलातली. नंतर पुलाव. पिष्टमय पदार्थ आणि तेल भरपूर, प्रथिने मात्र शोधावी लागतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनातून 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धातून 9. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 120 कॅलरी. महिनाभर रोजे ठेवूनही ईदचा नवा कुर्ता पोटावर का घट्ट होतो, त्याचे उत्तर या कढईत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराचे मार्गदर्शन नव्याने दिले. दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त नकोत, डाळी-अंडी-मांसातून 15 टक्क्यांपर्यंत याव्यात, एकूण स्निग्ध 30 टक्क्यांच्या आत राहावे. साखर दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत. सरबताच्या एका ग्लासात चार-पाच चमचे साखर पडली की तिथेच हा कोटा जवळपास संपतो!

प्रथिनांची गरज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम धरतात. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. हे अवघड नाही आणि महागही नाही. सहरीला दोन अंडी, 12 ग्रॅम. वाटीभर दही, 5 ग्रॅम. इफ्तारला वाटीभर उकडलेले हरभरे, 12 ग्रॅम. रात्री वरण आणि चिकनचे दोन-तीन तुकडे, की काम झाले. मांस परवडत नसेल तर विदर्भाची तूर आहेच. भाताबरोबर वरण खाल्ले की दोघांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. खिचडा किंवा हलीममध्ये गहू, डाळ आणि मांस एकत्र शिजवणाऱ्या जुन्या स्वयंपाक्यांना हे गणित कोणी शिकवले नव्हते. तर्रीतले हरभरेही उत्तम, फक्त वर तरंगणारा तेलाचा तवंग बाजूला सारावा. नागपूरकराला हे सांगणे धाडसाचे, पण सांगायला हवे.

सहरीत दुधात भिजवलेली फेणी खाल्ली की पोट भरते, पण ती मैदा आणि तुपाची. दहा-अकरापर्यंत पुन्हा भूक लागते. ज्वारीची भाकर, अंडे, दही आणि मूठभर शेंगदाणे सावकाश पचतात आणि जास्त वेळ साथ देतात. खजुराने रोजा सोडणे सुन्नत. दोन-तीन खजूर पुरतात, अख्खी वाटी कशाला? मग पाणी, हरभरे, फळे. नमाज पढून जेवण. मधल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत भूक आपसूक शांत होते.

मधुमेह असलेल्यांनी मात्र ताट बदलून भागणार नाही. रमजानआधी डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोज्यात बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे.

आणि एक ताट कोणी मोजतच नाही. घरातली अम्मी किंवा भाभी सर्वांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात रस्सा आणि टोपलीत चपात्या उरलेल्या असतात. बोट्या संपलेल्या असतात. सहरीलाही सर्वांत आधी तीच उठते. तिच्या वाट्याची अंडी आणि बोट्या वाढण्याआधीच वेगळ्या काढून ठेवल्या तर त्याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.