कोबीवरील अळीसाठी कात रोखणारी कीटकनाशके



कोबी-फुलकोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी दिसली, की नोव्हॅल्युरॉन किंवा ल्युफेन्युरॉनची फवारणी केली जाते. दुसऱ्या दिवशी पान उलटून पाहावे, तर अळ्या जिवंतच! औषध बनावट निघाले असे समजून लगेच दुसरे फवारले जाते आणि खर्च दुप्पट होतो. असे का घडते, ते समजून घेऊ.

औषध काम कसे करते?
अळीचे शरीर वाढते, तशी तिला जुनी कात टाकून नवी तयार करावी लागते. या कातेतील एक प्रमुख घटक म्हणजे कायटीन. ही औषधे कायटीन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे नवी कात कच्ची राहते आणि कात टाकताना अळी मरते. म्हणून परिणाम दिसण्यास साधारणपणे ३ ते ७ दिवस लागतात.

फवारणी केव्हा करावी?
या अळीच्या ४ अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतील अळी पान आतून पोखरते. त्यानंतर ती पान खालून खरवडते व पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसतात. चट्टे दिसू लागताच, अळ्या लहान असतानाच फवारावे. मोठी अळी कोषात जाईपर्यंत पाने खातच राहते. कोष व पतंग या औषधाने मरत नाहीत. कोबीचे पान मेणचट असल्याने द्रावणात स्टिकर मिसळावे आणि पानाची खालची बाजू भिजवावी.

औषधांची फेरपालट
नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन व डायफ्ल्युबेन्झुरॉन ही नावे वेगळी असली, तरी गट एकच आहे. त्यांची आपसात अदलाबदल म्हणजे फेरपालट नव्हे. पुढील फवारणी गरज असल्यास वेगळ्या गटातील, कोबीसाठी शिफारस असलेल्या औषधाची करावी. एकच गट वारंवार वापरल्यास अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होते.

दक्षता
* रेशीम कीटकही कात टाकतो. तुतीच्या बागेकडे फवारा जाऊ देऊ नये.
* खेकडे व कोळंबी यांच्या कवचातही कायटीन असते. पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नये.
* माणसाच्या शरीरात कायटीन नाही. तरीही हातमोजे व मास्क वापरावेतच.
* मात्रा आणि फवारणी ते काढणी यांतील दिवस लेबलप्रमाणे पाळावेत.

थोडक्यात, फवारणी लवकर करावी आणि निकालासाठी आठवडाभर थांबावे. चौथ्या-पाचव्या दिवशी पाने उलटून अळ्या मोजाव्यात आणि मगच पुढील खर्चाचा विचार करावा.