चहासूत्राचा कर्ता लू यू : ॲनिमेशन लघुपटासाठी करावयाचा अभ्यास

चहाच्या परंपरेवर ॲनिमेशन लघुपट करावयाचा म्हटले, की जपानमधील चहागृह, चटईवर बसलेला यजमान आणि बांबूच्या घुसळणीने फेसाळलेला हिरवा चहा हीच दृश्ये प्रथम डोळ्यांसमोर येतात. ही दृश्ये खरी आहेत; परंतु ती या परंपरेच्या उत्तरकालातील आहेत. जपानी चहाविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू सोळाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी, चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात, बौद्ध विहारात वाढलेल्या एका पोरक्या मुलाने चहावरील पहिला स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे नाव लू यू. त्याच्या जीवनावर लघुपट करू इच्छिणाऱ्या कलावंतांनी कोणती साधने अभ्यासावीत, कोणता गोंधळ टाळावा आणि कोणती गोष्ट झाकून ठेवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

विहार आणि चहा

विनयाप्रमाणे भिक्खूने मध्यान्हानंतर भोजन करावयाचे नसते. रात्री ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना निद्रा आणि थकवा यांवर मात करण्यासाठी चहाचा उपयोग होऊ लागला. फंग यान या थांगकालीन लेखकाने नोंद केली आहे, की इ.स. ७१३ ते ७४१ या कालखंडात थाय पर्वतावरील लिंगयान विहारात ध्यानसाधना करणारे भिक्खू झोपत नसत, सायंकाळी अन्न घेत नसत, मात्र त्यांना चहा पिण्याची मुभा होती. लोकांनी त्यांचे अनुकरण केले आणि चहा सर्वत्र पसरला. म्हणजे चहाच्या प्रसारात भिक्खूसंघाचा मोठा वाटा आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

अक्षरासाठी आसुसलेला मुलगा

लू यूने इ.स. ७६१ मध्ये लिहिलेले छोटेसे आत्मवृत्त उपलब्ध आहे. लघुपटाचे मुख्य साधन तेच होय. इ.स. ७३३ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा तिसऱ्या वर्षी पोरका झाला. चिंगलिंग या गावातील विहाराच्या आचार्यांनी त्याला वाढविले. हे गाव म्हणजे आजच्या हूबेई प्रांतातील थ्यानमन. त्याला कुळ नव्हते आणि कुळाचे नावही नव्हते. पुढे प्राचीन चिनी ग्रंथाचा कौल घेऊन त्याने आपले नाव स्वतःच निवडले, असे परंपरा सांगते.

नवव्या वर्षी तो लिहावयास शिकू लागला. आचार्यांची इच्छा त्याने धर्मग्रंथ शिकावेत अशी होती. त्याला मात्र कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकावयाचे होते. तो हट्ट सोडीना, तेव्हा त्याला शिक्षा म्हणून हलकी मानलेली कामे देण्यात आली. अंगण झाडणे, भिक्खूंचे शौचकूप साफ करणे, भिंतींसाठी चिखल तुडविणे, पाठीवरून कौले वाहणे आणि तीस गुरे राखणे अशी ती कामे होती. लिहावयास कागद नव्हता, म्हणून तो बांबूच्या काडीने बैलाच्या पाठीवर अक्षरे गिरवी. एकदा त्याच्या हाती एक काव्य पडले. त्याला त्यातील अक्षरे ओळखता येईनात. तेव्हा शाळकरी मुलांप्रमाणे पोथी समोर उघडून तो नुसते ओठ हलवीत बसला. देखरेख करणाऱ्याने त्याला छडी मोडेपर्यंत मारले. शेवटी तो विहार सोडून पळाला आणि एका नाटकमंडळीत विनोदी भूमिका करू लागला. इ.स. ७४६ मध्ये चिंगलिंगला आलेल्या एका अधिकाऱ्याने त्याची बुद्धी ओळखली, त्याला ग्रंथ दिले आणि शिक्षणाची सोय केली.

काळाचे आणि पात्रांचे भान

लू यूच्या ग्रंथाचे नाव ‘छा चिंग’. बौद्ध सुत्तांसाठी चिनी भाषेत जो शब्द योजतात, तोच ‘चिंग’ हा शब्द येथे आहे. म्हणून त्यास चहासूत्र म्हणता येईल. त्यात दहा प्रकरणे असून चहाची उत्पत्ती, अवजारे, भांडी, पाणी आणि उकळण्याची रीत यांचे बारकाईने वर्णन आहे.

येथे चित्रकाराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लू यूच्या हाती किटली देऊ नये आणि चहा घुसळण्याची बांबूची घुसळणीही देऊ नये. त्या काळी पाने खुडून, वाफवून, कुटून, साच्यात दाबून त्यांच्या वड्या करीत आणि त्या भाजून, दोरीत ओवून ठेवीत. चहा करताना वडी निखाऱ्यावर शेकावयाची, खोलगट कुंडीत चाक फिरवून तिची पूड करावयाची, पूड चाळून घ्यावयाची आणि उकळत्या पाण्यात टाकावयाची. वाटीतील पूड घुसळून पिण्याची पद्धत पुढे सोंग राजवटीत रूढ झाली. इ.स. १३९१ मध्ये मिंग सम्राटाने राजदरबारी वड्या पाठविण्याची प्रथा बंद केली. त्यानंतर सुटी पाने गरम पाण्यात भिजविण्याची आजची रीत प्रबळ झाली.

पाण्याच्या तीन उकळ्यांचे लू यूने केलेले वर्णन तर ॲनिमेशनसाठीच असावे असे वाटते. पहिल्या उकळीत माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे येतात व बारीक आवाज होतो. तेव्हा किंचित मीठ घालावयाचे. दुसऱ्या उकळीत भांड्याच्या कडेने मोत्यांची माळ उठल्यासारखी दिसते; त्या वेळी एक ओगराळे पाणी बाजूस काढून मध्यभागी पूड सोडावयाची. तिसऱ्या उकळीत लाटा उसळू लागतात. तेव्हा काढून ठेवलेले पाणी परत ओतून त्या शांत करावयाच्या. चहात कांदा, आले, पुदिना उकळणाऱ्यांवर लू यूचा रोष होता. तसला चहा त्याला गटाराच्या पाण्यासारखा वाटे. आपणा आल्याच्या चहाच्या भोक्त्यांना हे मत गमतीचे वाटेल.

प्रत्यक्ष वस्तू पाहावयाच्या असतील, तर फामेन विहाराचा पुरावा महत्त्वाचा आहे. शान्शी प्रांतातील या विहाराचा मनोरा १९८१ मध्ये अर्धा कोसळला. १९८७ मध्ये त्याखालील भूमिगत कक्ष उघडला, तेव्हा तथागतांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थिधातूंसह राजघराण्याने अर्पण केलेली चहाची भांडीही मिळाली. हा कक्ष इ.स. ८७४ मध्ये बंद केलेला होता. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची कुंडी, चाळणीची पेटी, मिठाचे पात्र यांवरून आकार अचूक काढता येतात. लू यूची स्वतःची कुंडी मात्र लाकडाची होती, ओगराळे भोपळ्याच्या तुंब्याचे किंवा लाकडाचे होते. हा फरक पडद्यावर दिसावयास हवा.

वाटीमागील श्रम

लू यूने ज्याची वाखाणणी केली, तो कूचू डोंगरावरील चहा पुढे सम्राटाला नजराणा म्हणून जाऊ लागला. आठव्या शतकाच्या अखेरीपासून त्यासाठी दरवर्षी ३०,००० मजूर महिनाभराहून अधिक काळ राबत, असे थांगकालीन भूवर्णनात नमूद आहे. युआन काव या तेथील प्रशासकाने या रयतेचे हाल काव्यातून मांडले. हे डोंगर धुक्यात रंगविणे सोपे आहे. त्या धुक्यात राबणारी माणसेही रंगवावीत. चहाची वाटी कधीच निव्वळ वाटी नसते. महाराष्ट्रात चहाच्या दुकानाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

शैलीच्या दृष्टीने शांघायच्या ॲनिमेशन स्टुडिओत विकसित झालेल्या शाईच्या चित्रपद्धतीचा अभ्यास करावा. तेथील १९६३ चा गुराखी मुलाच्या बासरीवरील लघुपट आणि १९८८ चा पर्वत आणि जल यांवरील लघुपट हे तिचे उत्तम नमुने होत.

काय झाकू नये

आता कठीण प्रश्न. ज्या विहाराने पोरक्या मुलाला जगविले, तेथेच त्याला अक्षरासाठी मार खावा लागला. बौद्ध कलावंताने हे दाखवावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : दाखवावे. कालामांना तथागतांनी केवळ परंपरा म्हणून वा गुरूचे वचन म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजाचा सेवक, हा प्रश्न उपस्थित केला. संघाची चिकित्सा ही धम्माशी प्रतारणा नव्हे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही गाळू नये. लू यूने धम्माकडे पाठ फिरविली नाही. पुढे हूचौ येथे च्याओरान हा कवी भिक्खू त्याचा जिवलग मित्र झाला. बालपणीच्या आचार्यांच्या निधनाची वार्ता कळताच त्याने शोक केला, असेही नोंदलेले आहे. करुणा आणि कठोरता ही दोन्ही एकाच विहारात नांदत होती. कोणत्याही एकाचे चित्र काढून दुसरे पुसले, तर त्या मुलावर पुन्हा अन्याय होईल.

चहासूत्राचे दहावे प्रकरण अवघ्या काही ओळींचे आहे. सारा ग्रंथ रेशमी पटांवर लिहून बसण्याच्या जागी भिंतीवर टांगावा, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत सर्व काही एका दृष्टिक्षेपात दिसेल, असे त्यात सुचविले आहे. बैलाच्या पाठीवर अक्षरे गिरविणाऱ्या मुलाने पुढे ज्ञान सर्वांच्या नजरेसमोर टांगण्याची सूचना करावी, यात त्याच्या जीवनाचे सार आहे. लघुपटाचा पडदा हाही तसाच एक पट होय. त्यावर जे उमटेल, ते अभ्यासलेले आणि सत्य असावे, एवढीच आमची कलावंतांकडून अपेक्षा आहे.